सुधागडावर वीकेंड ट्रेक नेणाऱ्या ग्रुप्सना: भोराईचं देऊळ पॅकेजमध्ये विकू नका

नमस्कार मंडळी,

हे पत्र मुंबई-पुण्याहून रायगड जिल्ह्यातल्या सुधागड किल्ल्यावर शनिवार-रविवारच्या बॅचेस नेणाऱ्या सगळ्या ट्रेक आयोजकांना आणि त्यांच्या लीडर्सना आहे. कुठल्याही एका ग्रुपचं नाव घेणार नाही कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे "आपण नाही बाबा त्यातले" म्हणून मोकळे होतात आणि मला सगळ्यांशीच बोलायचंय.

तुमच्या जाहिराती मी नेहमी बघते. महादरवाज्याचा मस्त फोटो असतो, खाली फीमध्ये काय काय मिळणार त्याची यादी, चहा-नाश्ता, रात्रीचं जेवण, लीडर, फर्स्ट एड, आणि त्याच यादीत एक ओळ, "मुक्काम: भोराई देवी मंदिर". चहा तुम्ही विकत आणलेल्या पावडरचा करता, जेवणाचा शिधा तुम्ही भरता, लीडरला मानधन तुम्ही देता, मग ह्या शेवटच्या गोष्टीचे पैसे तुम्ही कशाचे घेता? देऊळ तुमचं नाही, तुम्ही ते भाड्याने घेतलेलं नाही, आणि माझी खात्री आहे की बहुतेकांनी खाली पाच्छापूर, ठाकूरवाडी किंवा धोंडसे ह्यातल्या कुठल्याही गावात कुणाला "आम्ही एवढी माणसं घेऊन रात्री देवळात राहतोय, चालेल का" असं साधं विचारलेलंही नसतं.

माझं माहेर पालीजवळचं. आमच्याकडे सुधागड म्हणजे आधी भोराई आणि मग किल्ला. गडाचं जुनं नावच भोरपगड. १६४८ च्या सुमारास गड स्वराज्यात आला आणि शिवाजी महाराजांनी त्याला सुधागड नाव दिलं, पुढे तो भोरच्या पंतसचिवांकडे, म्हणजे भोर संस्थानच्या अधिपतींकडे आला, भोराई त्यांचंही कुलदैवत, आणि १९४८ मध्ये भोर संस्थान विलीन होईपर्यंत त्यांचा गडाशी संबंध होता. हे सगळं तुमच्यातले चांगले लीडर्स वर गेल्यावर सांगतातही, मी ऐकलंय. पण सांगताना सगळं भूतकाळात सांगतात. "इथे शिबंदी राहायची, इथे धान्यकोठार होतं, इथे देवीचं मंदिर होतं." अहो होतं काय, आहे! कोठार रिकामं झालं, शिबंदी गेली, वाड्यातली माणसं उतरून गेली, पण देवीचा दिवा लावायला माणसं अजून तो डोंगर चढतात. खालच्या वाड्यांमधल्या बायका ओटी भरायला येतात, नवस फेडायला येतात, घरात लग्न ठरलं की पत्रिका ठेवायला कुणीतरी येतं. ह्या लोकांसाठी तो ट्रेक नसतो. ते पायात साधी चप्पल घालून, डोक्यावर पिशवी घेऊन, तुमच्या ट्रेकिंग पोल्सच्या रांगेतून "जरा जाऊ द्या हो" म्हणत वाट काढतात.

आता जे बघून हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. नवरात्र होतं, आम्ही घरची मंडळी पहाटे ठाकूरवाडीकडून चढून वर गेलो होतो. देवळापाशी पोचलो तर आमच्या आधी आलेल्या दोन बायका बाहेर दीपमाळेजवळ उभ्या, हातात ओटीचं सामान, खण-नारळ, आणि सभामंडपात पाय ठेवायला जागा नाही. स्लीपिंग बॅगा, सॅका, बूट, त्यातले काही बूट गाभाऱ्याच्या उंबऱ्याला टेकलेले, खांबाला कुणाचे तरी मोजे वाळत घातलेले. रात्रीच्या मॅगीची पातेली तशीच. लीडर मुलगा जागा होता, वागायला चांगला होता, उद्धट अजिबात नव्हता, आणि तो त्या बायकांना म्हणाला, "मावशी पाच मिनिटं थांबा ना, पार्टिसिपंट्स उठतायत." त्या थांबल्या. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. नवरात्रातल्या सकाळी, त्यांच्या देवीच्या दारात, त्या पाहुण्यांसारख्या ताटकळत उभ्या होत्या आणि ज्यांनी पैसे भरले होते ते आत झोपले होते. मला राग त्या मुलाचा नाही आला, तो विशीतला असेल, त्याला जसं शिकवलंय तसं तो करत होता. राग आला तो ह्याचा की पैसे घेतले म्हणून पार्टिसिपंटचा त्या जागेवर हक्क तयार झाला आणि गावाचा हक्क "थांबा ना मावशी" झाला.

तुम्ही म्हणाल की देवळात मुक्काम करणं ही तर सह्याद्रीतली जुनीच रीत आहे. हो, आहे. तोरण्यावर मेंगाई, राजगडावर पद्मावती, राजमाचीला भैरवनाथ, गडावरच्या देवळांनी पिढ्यानपिढ्या भटक्यांना छप्पर दिलंय आणि मी स्वतः अशी राहिलेय, त्याबद्दल मला काही वाईट वाटत नाही. पण त्या रीतीला शिस्त होती. चार-सहा जण असायचे. गेल्या गेल्या आधी देऊळ झाडायचं, देवीला नमस्कार करायचा, दिव्यात तेल घालायचं, गाभाऱ्याकडे पाय करून झोपायचं नाही, आणि सकाळी निघताना मागून येणाऱ्यासाठी थोडी लाकडं आणि काडेपेटी कोरड्या जागी ठेवून जायचं. कुणी गावकरी आला तर उठून जागा द्यायची आणि त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, पाण्याचं विचारायचं, वाटेचं विचारायचं. ती ओसरी मागून घेतलेली असायची. तुम्ही तीच ओसरी चाळीस-पन्नास जणांना आगाऊ बुकिंग घेऊन विकताय, आणि एका शनिवारी दोन-तीन ग्रुप आले की मग आपापसात "ही जागा आमची" म्हणून भांडणं. जुनी रीत पुढे करायची असेल तर तिची शिस्त पण पुढे करा, नुसतं छप्पर नको.

आणि एक नीट सांगते, हे पत्र देवळात सगळ्यांना बंदी करा असं म्हणण्यासाठी नाहीये. पावसात कुणी भिजून काकडलंय, विजा चमकतायत, कुणाचा पाय मुरगळलाय, खाली उतरायला उशीर झालाय, अशा वेळी देऊळ सगळ्यांचं आहे आणि गावातलं कुणीही तुम्हाला बाहेर काढणार नाही. कुठल्याही जातीधर्माचा माणूस असो. माझा विरोध फक्त विकण्याला आहे.

मांसाहारावरून पण दरवेळी वाद होतो, त्याबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. काही जण लगेच "देवस्थान आहे, नॉनव्हेज चालणार नाही" असं ओरडतात आणि त्यावर ट्रेकवाले म्हणतात की ग्रामदेवतांना कोंबडं-बकरं चढतं मग आम्ही खाल्लं तर काय. आपल्याकडे कितीतरी गावदेव्यांना मानाचा बकरा असतो हे खरंच आहे, पण तो गावाच्या रीतीने, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी असतो, प्रत्येक गावाची रीत वेगळी, आणि ती ठरवणारे तिथले लोक असतात. तुम्ही देवळाच्या पायरीवर चिकन शिजवून हाडं मागच्या झाडीत टाकता त्याला रीत म्हणत नाहीत. विचारा ना खाली. सांगतील ते काय चालतं, कुठे चालतं. दारूबद्दल तर बोलायचीच गरज नसावी, तरी बाटल्या सापडतात.

देवळाच्या आवारातले दगड हा मला सगळ्यात जास्त टोचणारा विषय आहे त्यामुळे इथे जरा लांबेल. भोराईच्या देवळाभोवती वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आणि सतीशिळा (सती गेलेल्या बायकांचे) आहेत. तुमच्या बॅचमधली माणसं त्यांच्यावर बसून पोहे खातात, सॅक टेकवतात, आणि मी एकदा दोन दगड उभे करून त्यावर केलेली चूलही बघितलीय, त्यातल्या एका दगडावर कोरीवकाम होतं. ह्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. लीडरने दहा मिनिटं काढून एक वीरगळ वाचून दाखवावा, बघा लोक कसे गप्प होऊन ऐकतात. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई असते, वीर पडलेला असतो. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलाय. आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याची कीर्ती राहील. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला हात असतो, बांगड्या भरलेला. हे कुणाच्या तरी मरणाचे दगड आहेत हो! ज्या माणसाचं नाव आता कुणालाच माहीत नाही तो इथे ह्या मातीसाठी किंवा गुराढोरांसाठी लढून मेला आणि त्याच्या माणसांनी पदरमोड करून त्याचा दगड बसवला. गावातली म्हातारी माणसं जाता येता त्यांना हात जोडतात. एकदा तुमच्या पार्टिसिपंटला हे कळलं की तो त्यावर परत बसणार नाही, त्याला दरडावायची पण गरज नाही. तुमच्या लीडरला हे माहीत नसेल तर आधी त्याला शिकवा आणि मग त्याच्या हातात बॅच द्या.

नाहीतर होतं काय की वर गेल्यावर इतिहास म्हणून गुप्त खजिना आणि भुयारं सांगितली जातात. खरं सांगायला काय कमी आहे तिथे? औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर बापाविरुद्ध बंड करून, सोबत दुर्गादास राठोड, दक्षिणेत आला तेव्हा त्याला ह्याच गडाच्या पायथ्याशी पाच्छापूरला ठेवलं होतं आणि १६८१ च्या नोव्हेंबरमध्ये संभाजी महाराजांची आणि त्याची भेट तिथेच झाली. म्हणजे ज्या गावात तुमची बस लागते, जिथे तुमची माणसं टॉयलेट कुठे आहे विचारतात, त्या गावात हिंदुस्थानचं राजकारण बसून ठरत होतं. महादरवाजा बघा, दोन बुरुजांच्या मध्ये वळणात लपवलेला, गोमुखी बांधणीचा, रायगडच्या महादरवाज्याची आठवण येतेच. पण तो धोंडश्याच्या वाटेवर आहे आणि तिकडून चढायला वेळ जास्त लागतो म्हणून बरेच ग्रुप तिकडून नेतच नाहीत, ठाकूरवाडीच्या शिडीने वर आणि शिडीनेच खाली, पोस्टरवर मात्र महादरवाजा.

शिडीचं निघालंय तर तेही. लोखंडी शिडी आहे, एका वेळी एकच माणूस चढू किंवा उतरू शकतो, पावसात ओला कातळ आणि शेवाळ. तीन ग्रुपची मिळून दीडशे माणसं त्या टप्प्यावर आली की तासतास खोळंबा होतो, आणि त्या खोळंब्यात लाकडाची मोळी किंवा देवीचं सामान घेऊन उतरणारा गावकरी पण अडकतो. त्याला आधी जाऊ द्या एवढं तरी प्रत्येक लीडरने बघावं.

पाणी. ह्यावर मी शांत राहून लिहू शकत नाही. गडावर पिण्याचं पाणी म्हणजे कातळात खोदलेली टाकी, पावसाळ्यात भरतात आणि पुढच्या पावसापर्यंत तेवढ्यावरच निभवायचं असतं. तिथे डिशवॉश लिक्विड घेऊन भांडी घासतात, टूथपेस्टचा फेस तिथेच थुंकतात, आणि वर "नॅचरल स्प्रिंग" म्हणून रील टाकतात. ते वाहतं पाणी नाहीये, साठवलेलं आहे, जे त्यात टाकाल ते तिथेच राहणार आहे आणि मे महिन्यात गुरं घेऊन वर आलेला माणूस तेच पिणार आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्याचा कारभार कसा करावा ह्यावरच्या ग्रंथात, दुर्गांचं प्रकरण आहे, त्यात स्पष्ट सांगितलंय की गड बांधायचा तर आधी पाणी बघावं, नसेल तर टाकी खोदावीत, आणि गडावरचं पाणी फार जपावं. तिथेच हेही आहे की गडावर वाटेत, बाजारात, तटाजवळ केरकचरा पडू देऊ नये, केर गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात टाकून भाजीपाला करावा. तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय हे, ज्यांनी हे गड चालवले त्यांनी. (प्लास्टिक जाळा असा अर्थ ह्यातून कृपया काढू नका, प्लास्टिक तुम्ही वर नेलंय ते तुम्हीच खाली आणायचं.) महाराजांच्या नावाने घोषणा देत वर जाणाऱ्या प्रत्येक ग्रुपने गडावरची ही व्यवस्था पण आपली मानायला हवी ना.

मग राहायचं कुठे, असा प्रश्न येणारच. एक म्हणजे सुधागड एका दिवसात होतो. मुंबई-पुण्याहून पहाटे निघालात तर खोपोली-पालीमार्गे सकाळी पाच्छापूर, दोन-अडीच तासात वर, गड फिरून अंधाराच्या आत खाली. नाईट ट्रेकची जाहिरात जास्त चालते हे कळतं मला, पण रात्री चढून अंधारात देवळात झोपून सकाळी गडाच्या टकमक टोक नावाच्या कड्यावर फोटो काढून उतरण्यात गड बघायचा राहूनच जातो. दुसरं, मुक्काम करायचाच असेल तर पंतसचिवांचा चौसोपी वाडा आहे, तिथेही लोक राहतात, पण तो १७०५ चा, त्यात लाकूडकाम आहे, म्हणून आत स्टोव्ह आणि शेकोटी अजिबात नको आणि तिथेही संख्या आवरा. तिसरं आणि मला सगळ्यात पटणारं, खाली गावात मुक्काम करा. गावातली घरं जेवण करून देतात, अंगणात-पडवीत झोपायला जागा देतात. तुम्ही माणशी हजार-बाराशे घेता त्यातला जेवणाचा आणि मुक्कामाचा वाटा गावात जाऊ दे ना. शहरातून भाज्या, पनीर, डिस्पोजेबल प्लेटा सगळं बसमध्ये भरून नेता आणि वर "लोकल एक्सपिरियन्स" लिहिता, त्यापेक्षा भाकरी-पिठलं तिथल्याच घरात खा, वाटाड्या तिथलाच घ्या. त्याला वाटा कळतात, मधमाश्यांची पोळी कुठे आहेत ते कळतं, ढग कुठून आले की खाली उतरायचं ते कळतं.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांची नोंदणी, सुरक्षिततेचे नियम वगैरे आहे, आणि ते पाळणारे ग्रुप आहेत तेही मला माहितीय. पण देवळात कसं वागायचं ते कुठलाही जीआर शिकवणार नाही आणि सरकारने शिकवावं असंही मला वाटत नाही. मला भीती ही वाटते की हे असंच चालू राहिलं तर एक दिवस गावकरी वैतागून देवळाला लोखंडी ग्रील आणि कुलूप लावतील, किंवा कुठल्यातरी खात्याची सरसकट मुक्कामबंदीची पाटी लागेल, आणि मग पावसात अडकलेल्या चार पोरांना पण दार बंद मिळेल. कितीतरी गडांवरच्या देवळांना आता ग्रील आहे, ती हौसेने नाही लावलेली कुणी.

तर माझी मागणी अगदी थोडी आहे. तुमच्या सुधागडच्या पोस्टरवरून, वेबसाईटवरून, व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधून "मुक्काम: भोराई देवी मंदिर" ही ओळ काढून टाका, येत्या बॅचपासून. बॅच पंधरा-वीसच्या वर नेऊ नका. जायच्या आधी गावात कुणाला तरी फोन करून विचारा की त्या तारखेला वर काही कार्यक्रम आहे का, कुणाची पूजा आहे का. नंबर मिळत नाही हे कारण सांगू नका, ज्या ड्रायव्हरला आणि चहावाल्याला तुम्ही वर्षभर फोन करता तोच देईल. लीडरला वीरगळ वाचायला शिकवा. आणि नवरात्राचे नऊ दिवस सुधागडावर रात्रीची एकही बॅच काढू नका. वर्षात बावन्न शनिवार असतात, त्यातले एक-दोन देवीला आणि तिच्या माणसांना सोडा.

ज्या ग्रुप्सना हे पटेल त्यांनी गावात जाऊन समोरासमोर बसावं, मीही येईन सोबत, ओळख करून द्यायला. त्या लोकांना ट्रेकर्स नकोत असं अजिबात नाहीये, उलट शहरातली पोरं एवढ्या लांबून आपल्या गडावर येतात ह्याचं त्यांना कौतुकच आहे, वाटेत ताक विचारतात, उन्हाचं बसा म्हणतात. त्यांना फक्त आधी विचारायला हवंय. ह्या वर्षी घटस्थापनेच्या आधी एक रविवार ठरवा, सकाळी पाच्छापूरला भेटू, गावकऱ्यांशी बोलू आणि मग त्यांच्यासोबतच वर जाऊन नवरात्रासाठी देऊळ आणि आवार झाडून देऊ. झाडू आणि बादल्या खालून न्याव्या लागतील, पाणी टाक्यातलं नाही वापरायचं, तळ्यातून आणायचं.

कळावे,
पालीची एक माहेरवाशीण आणि ट्रेकर